३२०डी ला १९ इंची अलॉय टाकू का? (घरातलं मतदान ३-१, विरोधात)

घाटमाथा
राम राम मंडळी. गेल्या दिवाळीत सेकंडहँड बीएमडब्ल्यू ३२०डी घेतली, २०१६ ची, एफ३० म्हणतात ती. चाकं कंपनीचीच आहेत, १७ इंची, टायर २२५/५० आर १७ रनफ्लॅट (पंक्चर झालं तरी थोडं अंतर चालणारे). टायर संपत आलेत, चारही बदलायचेच आहेत, तर डोक्यात किडा शिरला की खर्च होतोच आहे तर चाकंच मोठी का घेऊ नयेत. खरं सांगतो, १७ वर ती गाडी बाजूने बघितली की नवरदेवाने सूट घातलाय आणि पायात पावसाळी चपला असं दिसतं.
वापर: आठवड्यातून ३ दिवस बाणेर ते खराडी, महिन्यातून एकदा कोल्हापूर (आईबाबा मागे बसतात, बाबांना मणक्याचा त्रास), वर्षातून दोनदा कोकण. दुकानदाराने १९ इंची दाखवलीत, ८.५ जे, ईटी २५. म्हणाला साहेब डोळे झाकून घ्या, बसतात. बायको, आई, बाबा विरोधात. मी एकटा बाजूने. तुमची मतं टाका, शक्यतो माझ्या बाजूची :)

खड्डेश्वर
डोळे झाकून घ्या, पण बाणेर ते खराडी चालवताना उघडे ठेवा.

शून्यते१००
घ्या हो बिनधास्त. माझ्या गाडीला ४ वर्षं १९ आहेत, काही होत नाही. गाडी बघूनच लोक विचारतात. आयुष्यभर काय १७ वर काढायचंय का.

मुक्ता_डी
@शून्यते१००, ४ वर्षांत एकही रिम वाकलं नाही??

शून्यते१००
दोनदाच.

खड्डेश्वर
हाहाहा "काही होत नाही" ची व्याख्या मिळाली. संपादकांनी नोंद घ्यावी.

टॉर्कपाना
थोडं मोठं लिहितो, कंटाळा आला तर स्क्रोल करा. माझं स्वतःचं गॅरेज नाही पण भावाचं आहे आणि रविवार तिथेच जातात.

पहिली गोष्ट, इंच मागे ठेवा आणि टायरची बाहेरची उंची बघा. तुमचा आत्ताचा २२५/५० आर १७ (रुंदी २२५ मिमी, बाजूची भिंत तिच्या ५० टक्के, रिम १७ इंच), त्याचा एकूण व्यास भरतो साधारण ६५७ मिमी. २२५/४५ आर १८ घेतला तर ६६०. २२५/४० आर १९ घेतला तर ६६३. म्हणजे बाहेरून चाक जवळजवळ तेवढंच राहतं, १९ ला सुद्धा एक टक्क्याच्या आतला फरक, स्पीडोमीटर वगैरेला काही होत नाही. मग जातं काय, तर मधलं रबर. १७ ला बाजूची भिंत ११२ मिमी आहे, १८ ला १०१, १९ ला ९०. हे जे २२ मिमी रबर गेलं तेच खड्ड्यात तुमचं रिम वाचवत होतं आणि तेच बाबांची पाठ वाचवत होतं. खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यात टायर चिमटला की आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी बाजूला फुगा दिसतो. फुगा आलेल्या टायरवर इलाज नाही, फेकायचा.

दुसरी गोष्ट ईटी. हा ऑफसेट, म्हणजे चाकाचा हबवर (गाडीच्या ज्या भागावर चाक बोल्टने बसतं तो) टेकणारा भाग रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेरच्या बाजूला आहे तो आकडा. आकडा जितका लहान तितकं चाक मडगार्डच्या बाहेर. तुमचं कंपनीचं १७ चं चाक ७.५ जे (रिमची रुंदी ७.५ इंच) ईटी ३७ असणार. त्याच्या तुलनेत ८.५ जे ईटी २५ ची बाहेरची कड जवळपास २५ मिमी बाहेर येते. हिशोब असा: रिम एक इंच रुंद झालं, त्यातलं अर्धं बाहेर म्हणजे १२.७, अधिक ऑफसेटचे १२. मोकळ्या गाडीत कदाचित नाही घासणार. पण मागे आईबाबा, डिकीत कोल्हापूरचा गूळ आणि खंबाटकीचं एखादं वळण, तिथे कर्रर्र. दुकानदाराला गाडीत चार माणसं बसवून फिटिंग दाखव म्हणा.

कंपनीची स्वतःची १८ येतात ती ८ जे ईटी ३४. ती तुमच्या १७ पेक्षा बाहेर ९ मिमी आणि आत ३ मिमी जातात. याला म्हणतात बसणं.

तिसरी गोष्ट रात्री लिहितो, जेवायला बोलावलंय.

तांबडापांढरा
जेवायला काय आहे ते पण लिवा, आमास्नी त्यातलं जास्त कळतंय. भावा १९ इंची गाडी नाद खुळाच दिसणार यात वाद नाही. पण हायवेचं काम चालू असल्यापासून डायव्हर्जन कुठं सुरू होतंय आणि कुठं संपतंय ते रोज जाणाऱ्यालाबी कळत नाही. माझ्या मेव्हण्यानं असलीच पातळ टायरं टाकली, पेठ नाक्याच्या अलीकडं रात्री साडेअकराला पुढचं डावं फुटलं, गाडीत स्टेपनी न्हाई कारण आधी रनफ्लॅट होतं आणि त्यानं ते काढून साधं टाकलेलं. मग मला फोन. टो ट्रक सकाळी साताला. रात्रभर आम्ही दोघं ऊस बघत बसलो.

घाटमाथा
@टॉर्कपाना दंडवत घ्या. ईटीचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. दुकानदाराला फोन करून विचारलं, तो म्हणे "साहेब ईटी बिटी काय नसतं, स्पेसर लावू".

टॉर्कपाना
स्पेसर म्हणजे हब आणि चाकाच्या मधली चकती, त्याने चाक आणखी बाहेर येतं. आत नाही जात. दुकान बदला.

म्युनिककर
इकडची गंमत सांगतो. जर्मनीत बाहेरची चाकं लावायची तर त्या चाकाला त्या मॉडेलसाठी मंजुरीचा कागद लागतो, नसेल तर टीयूव्ही (इथली वाहन तपासणी संस्था) च्या माणसाला गाडी दाखवून कागदपत्रांत नोंद करून घ्यावी लागते. तो माणूस चाक उचलून, स्टिअरिंग पूर्ण वळवून, कुठे घासतंय का ते बघतो. नोंद नसेल तर गाडी रस्त्यावर चालवायची परवानगीच जाऊ शकते. सुरुवातीला मला हा छळ वाटायचा. शिवाय इथे बहुतेकांकडे चाकांचे दोन सेट असतात, म्हण आहे की ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर. आता मुद्द्याची गोष्ट, ज्या देशाची ही गाडी आहे आणि रस्ते तळहातासारखे आहेत तिथले माझे शेजारी सुद्धा हिवाळ्यात १७ किंवा १६ लावतात, कारण बर्फात खड्डे दिसत नाहीत आणि लहान चाकाचं टायर स्वस्त पडतं. आपल्याकडे पावसाळ्यात पाण्याखाली खड्डे दिसत नाहीत. तर तुम्ही पावसाळी १७ आणि सुट्टीची १९ असे दोन सेट ठेवा की :)

घाटमाथा
@म्युनिककर ६५० स्क्वेअर फुटांचा टू बीएचके आहे हो. दुसरा सेट ठेवला तर मला बाहेर झोपावं लागेल.

अण्णा_७०
आमच्या प्रीमिअर पद्मिनीला १४ इंची चाकं होती, टायरची भिंत अशी जाड की पंक्चर झालेलं अर्ध्या तासाने कळायचं. महाबळेश्वर, गणपतीपुळे, तुळजापूर सगळं त्यावर झालं. तुम्हा पोरांना चाक म्हणजे दागिना वाटतो. चालू द्या.

मुक्ता_डी
अण्णा, तुम्हाला अर्ध्या तासाने कळायचं यात टायरचा किती वाटा आणि पद्मिनीच्या आवाजाचा किती :)
माझा अनुभव. ई क्लास आहे, आधीच्या मालकाने हौसेने २० इंची लावलेली. शोरूममधून पार्किंगपर्यंत स्वर्ग. मग ठाण्याहून नाशिकला गेले, भिवंडी बायपासला एका जोडावर असा दणका बसला की मुलीच्या हातातलं सँडविच उडालं. दोन महिन्यांत स्टिअरिंग थरथरायला लागलं, ९० च्या पुढे. तीनदा बॅलन्सिंग केलं, प्रत्येक वेळी म्हणे झालं मॅडम. चौथ्या ठिकाणी एका म्हाताऱ्या काकांनी चाक मशिनवर फिरवून दाखवलं, रिम आतल्या कडेला वाकलेलं, बाहेरून चकचकीत. बाई बघून बॅलन्सिंगचे पैसे तीनदा घेतले सगळ्यांनी, हा वेगळा धागा होईल. शेवटी वापरलेली कंपनीची १८ शोधून लावली. गाडी परत ई क्लास झाली. दिसायला आधीची चांगली होती हे मात्र खरं, खोटं कशाला बोलू.

ऑरेंजसिटी_राइडर
काहून घाबरवून राह्यले भाऊ त्याले. समृद्धीवर या न, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, एक खड्डा दाखवा. माझ्या गाडीले १९ च आहे, १२० वर गाडी अशी चिकटून चालते का विचारू नका. वळणावर फरक कळते, टायरची भिंत कमी लवचते म्हणून स्टिअरिंगले लगेच उत्तर भेटते.

खड्डेश्वर
समृद्धीवरून उतरून घरी जाता ना तुम्ही? का तिथेच राहता?

ऑरेंजसिटी_राइडर
घरी बायकोची अल्टो आहे :)
एक मात्र सिरियस सांगतो. उन्हाळ्यात सिमेंटच्या रोडवर दुपारी निघाल तर हवा थंड टायरमध्ये सकाळीच चेक करा. गरम टायरमध्ये प्रेशर चढलेलं दिसते म्हणून हवा काढू नका. बरेच लोक काढतात, मग थंड झाल्यावर टायर कमी हवेवर राहते, पुढच्या ट्रिपले त्याची भिंत जास्त लवते, आणखी गरम होते आणि मग फटाका. टायर किती जुना ते पण पाहा, बाजूले चार आकडे असते, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नवीन म्हणून जुना माल खपवते.

टॉर्कपाना
अनुमोदन, आणि स्टिअरिंगबद्दल नागपूरकर बरोबर बोलतायत, तो फायदा खरा आहे, उगाच नाकारू नये.

आता राहिलेली तिसरी गोष्ट. चाक हबवर बसतं ते बोल्टवर नाही, मधल्या भोकावर बसतं. एफ३० च्या हबचं माप ७२.६ मिमी आणि बोल्टचं वर्तुळ ५ बाय १२० (पाच बोल्ट, वर्तुळाचा व्यास १२० मिमी). बाजारातल्या चाकांचं मधलं भोक बऱ्याचदा ७३.१ किंवा ७४.१ असतं, म्हणजे सगळ्या गाड्यांना चालावं म्हणून मोठं ठेवलेलं. मधे रिंग लागते, ७२.६ ची. दुकानदार ती रिंग द्यायला "विसरतो" आणि मग चाक अर्धा मिमी इकडेतिकडे बसतं आणि गाडी थरथरते आणि तुम्ही बॅलन्सिंगला पैसे घालता (@मुक्ता_डी तुमचं कारण वेगळं होतं, पण हे पण तपासायचं असतं). आणि बोल्ट टॉर्क पान्यानेच, १४० न्यूटन मीटर. पायाने उडी मारून नाही. पन्नासेक किलोमीटर झाले की परत तपासायचे.

लाल_दिवा
पाच बाय एकशे वीस वरून आठवलं. मी ऑनलाइन जाहिरात बघून नवीन थ्री सिरीजची (जी२०) काढलेली १८ इंची चाकं घेतली, माझी एफ३०. म्हटलं दोन्ही बीएमडब्ल्यू, दोन्ही थ्री, बसणारच. कांदिवलीहून टेम्पो केला, चार चाकं चौथ्या मजल्यावर चढवली (लिफ्ट बंद). रविवारी जॅक लावला, चाक उचललं, बोल्ट जाईना. जी२० चं वर्तुळ ५ बाय ११२. आठ मिमीने माझा रविवार गेला.

तांबडापांढरा
मग चाकांचं काय केलासा?

लाल_दिवा
परत चार मजले खाली आणि मर्सिडीजवाल्या मित्राला विकली. त्याचं वर्तुळ ११२ च. एकाने सुचवलेलं की "वॉबल बोल्ट मिळतात, त्यात सरकवून बसेल". असं सरकवून बसवलेल्या चाकावर मी एक्सप्रेसवेला जाणार नाही.

टॉर्कपाना
चांगलं केलंत. पण त्या मित्राला सांगा बोल्ट मर्सिडीजचे लावू नको. मर्सिडीजच्या मूळ बोल्टची बैठक गोल असते, बीएमडब्ल्यूच्या चाकात शंकूची लागते. गोल बोल्ट शंकूच्या खड्ड्यात कडेवरच टेकतो आणि हळूहळू सैल होतो.

लाल_दिवा
आत्ताच फोन केला त्याला. तो म्हणतोय "थांब गाडी बाजूला घेतो" :(

खड्डेश्वर
धाग्याने एक जीव वाचवला. पुढचा प्रश्न.

कलम_कासाई
कायद्याचं कुणीच बोललं नाही म्हणून. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत केलेल्या बदलांबद्दलचं), आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल चालणार नाहीत. आता आरसीवर रिमचं माप लिहिलेलं नसतं म्हणून लोक निवांत असतात. पण अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर टेप घेऊन येतो. म्हणून कंपनीने त्या मॉडेलला दिलेलंच माप घ्या, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतं त्यावर चालणारी मापं आणि त्यांचं प्रेशर दोन्ही असतात. आणि अलॉय पॉलिसीत वेगळे नोंदवा, नाहीतर चोरीला गेले तर हात हलवत बसाल.
टायरचं अजून एक, नेहमीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही, सोबत गाडीचं नुकसान झालं असेल तरच, आणि तेव्हाही टायरचे ५० टक्केच. वेगळं टायर कव्हर घेतलं असेल तर गोष्ट वेगळी.

शून्यते१००
पोलीस कधी अडवत नाहीत हो. मला एकदाच अडवलं ते काचांसाठी.

मुक्ता_डी
काचा पण काळ्या? बरं.

घाटमाथा
बापरे एका रात्रीत एवढं. तर समजा १८ वर आलो. पुढचा प्रश्न, मागे रुंद २५५/४० आर १८ आणि पुढे २२५/४५ असं घ्यावं का? मागून जबरी दिसतं. आणि रनफ्लॅट ठेवू की साधे?

टॉर्कपाना
३२०डी ला मागे २५५ ची गरज नाही. पुढची मागे फिरवता येत नाहीत, मागची लवकर संपतात, आणि अडीअडचणीला एकच जादा टायर चारही बाजूंना चालत नाही. चारही २२५/४५ आर १८ घ्या. लोड इंडेक्स बघा, तुमच्या १७ ला ९४ असेल म्हणजे एका टायरला ६७० किलो. १८ ला ९५ एक्सएल (जास्त भार पेलणारा) मिळतो, ६९० किलो. स्वस्तात ९१ गळ्यात मारतील, तो ६१५, नको.
मापं कुठली सहज मिळतात ते पण आधी बघा. जून २०२० पासून टायरच्या आयातीवर सरकारी निर्बंध आहेत, त्यामुळे काही विचित्र मापांना महिना महिना थांबावं लागतं. गाडी विटांवर ठेवून थांबणार का?

म्युनिककर
रनफ्लॅटबद्दल: पंक्चर झाल्यावर ८० च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर जाता येतं, त्यासाठी बाजूची भिंत मुद्दाम जाड आणि कडक केलेली असते. म्हणून दणके. साध्या टायरवर १८, रनफ्लॅटवरच्या १७ पेक्षा मऊ लागू शकतात. मला लागले.

तांबडापांढरा
पर साधं घेतलं तर स्टेपनी ठेव भावा. न्हाईतर माझ्या मेव्हण्यासारखं ऊस बघत बसशील. आणि मला फोन करू नको.

अण्णा_७०
घाटमाथा, एक विचारतो. बाबांच्या पाठीला त्रास होतो तो आत्ताच्या १७ वर होतो का? की पुढे होईल अशी भीती?

घाटमाथा
आत्ताच होतो अण्णा. कोल्हापूरला पोचले की संध्याकाळ झोपून काढतात. म्हणून तर आई विरोधात.

अण्णा_७०
मग हवा किती आहे ते बघितलंस का?

घाटमाथा
...
खाली जाऊन आलो. चारही चाकांत ४१. पंपावरचा पोरगा "मोठ्या गाडीला ४० लागतेच" म्हणून भरतो आणि मी बघत उभा राहतो. स्टिकरवर यापेक्षा बरंच कमी लिहिलंय. म्हणजे सहा महिने बाबांना मी दगडावर बसवून नेत होतो.

खड्डेश्वर
अण्णा १, बाकी सगळे ०.

शून्यते१००
अण्णांसाठी टाळ्या. पण १९ छानच दिसतात.

घाटमाथा (पाच आठवड्यांनी)
अपडेट देतो, नाहीतर तुम्ही शिव्या घालाल. कंपनीचीच वापरलेली १८ मिळाली, ८ जे ईटी ३४, चिंचवडच्या एका माणसाकडून, त्याने १९ लावली म्हणून काढलेली (@शून्यते१०० तुमचे लोक सगळीकडे आहेत). टॉर्कपानांच्या सांगण्यावरून घ्यायच्या आधी चारही मशिनवर फिरवून बघितली, एक आतून वाकलेलं निघालं, ते सरळ करायला लागले तेवढे पैसे त्याने किमतीत कमी केले. तडा मात्र एकालाही नाही, तडा असता तर वेल्डिंग करून दिलं तरी घेणार नव्हतो. टायर साधे, २२५/४५ आर १८, ९५ एक्सएल. डिकीत बारीक स्टेपनी घातली, त्यामुळे गुळाची एक ढेप कमी बसते. हवा स्टिकरप्रमाणे, दर पंधरा दिवसांनी सकाळी मी स्वतः बघतो, शंभर रुपयांचा गेज घेतलाय.
गेल्या शनिवारी कोल्हापूरला गेलो. बाबा उतरले आणि थेट रंकाळ्यावर चालायला गेले. हा चाकांचा परिणाम, टायरचा की हवेचा ते आता कळायला मार्ग नाही, सगळं एकदम बदललं. दिसायला म्हणाल तर नवरदेवाला बरे बूट मिळालेत, पॉलिश थोडं कमी आहे. मधेच एखाद्या १९ वाल्या गाडीमागे सिग्नलला उभा राहिलो की अजून जीव जळतो.

टॉर्कपाना
५० किलोमीटरनंतर बोल्ट परत तपासले का?

घाटमाथा
...उद्या सकाळी तपासतो.

लाल_दिवा
जुनी १७ ची विकायची आहेत का? या वेळी वर्तुळ बघून विचारतोय, ५ बाय १२०. माझी लिफ्टही चालू झाली आहे.

घाटमाथा
तीन देऊ शकतो. चौथ्यावर आईने तुळशीची कुंडी ठेवली आहे, तिला विचारून सांगतो.